‘आय कान्ट स्टँड’ ऐकलं आणि मी खुर्ची आणली

काल पुतणीचा दहावीचा अभ्यास घेताना ‘कान्ट स्टँड’ आलं आणि मी एकटीच हसत सुटले. कांदोळीच्या हॉटेलात रिसेप्शनवर माझी पहिली नोकरी. मे महिना, वीज गेलेली. एक ब्रिटिश आजी म्हणाल्या, ‘आय कान्ट स्टँड धिस हीट.’ मी धावत जाऊन खुर्ची आणली! बिचाऱ्या बसल्या, वर थँक्यूही म्हणाल्या. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी, अशी आमची बॅच. तुमचेही किस्से टाका.

सुशेगाद: मी साहेबांना ‘आय ॲम व्हेरी इरिटेटिंग टुडे’ म्हणालो होतो. ते म्हणाले, ‘ओन्ली टुडे?’

खतखतं: 😂😂 मी पाहुण्यांना लिहिलेलं, ‘वुई विल पुट यू अप विथ प्लेझर’. नवऱ्याने ‘नीट कर’ म्हणून ते ‘वुई विल पुट अप विथ यू’ केलं. राहायची सोय करणार होतो, कळवलं की तुम्हाला सहन करू. तरी आले. चार दिवस राहिले.

पाटोळी: फोंड्यात शिकवते म्हणून राहवत नाही. ‘स्टँड’ सहन करणे या अर्थाने बहुतेक नकारात किंवा प्रश्नातच येतो. ‘आय स्टँड हिम’ म्हणजे सहन करतो असं होत नाही, मुलं हमखास लिहितात. मनाविरुद्ध पण निभावून नेतोय, तर ‘पुट अप विथ’. ‘टॉलरेट’ला नोटीसबोर्डाचा वास येतो, घरात नवऱ्याला म्हणू नये. भाजी ढवळतेय, बाकी नंतर.

रापणकार: ‘डोक्यात जातो’ला काय म्हणायचं पण? मी ‘ही गोज इन माय हेड’ म्हटलं तर ऑफिसातली विचारते, गाण्यासारखा?

पाटोळी: ‘ही गेट्स ऑन माय नर्व्ज’. डोक्याऐवजी नसांवर.

मडगावची: आमचे आजोबा पोर्तुगीज प्राथमिक शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेले. चिडले की ‘नांव आग्वेंतु!’ म्हणायचे, म्हणजे मला सोसवत नाही. आम्हा पोरांना वाटायचं कुणा आगवेकराला हाक मारतायत. गेले तेव्हा मी बारावीत होते. आता जोराचा पाऊस आला की मीच म्हणते.

खतखतं: अगं 🥹

सुशेगाद: पाटोळी, तुमच्या आयडीने भूक लागली. हळदीची पानं आली का बाजारात?

पाटोळी: शुक्रवारी म्हापशाला बघा. आणि ‘इरिटेटेड’ हं, ‘इरिटेटिंग’ नव्हे.

सुशेगाद: साहेबांचं मत वेगळं आहे.