नाटकाची संहिता आधी तपासायची गरज आहे का?

विंगेतून
महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहिता आधी तपासणीसाठी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. तेच संवाद मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकले, तर आधी कुणाला विचारावं लागत नाही. नाट्यगृहातल्या चारशे माणसांसमोर बोलायला मात्र प्रमाणपत्र हवं! इंग्रजांनी १९१० मध्ये ‘कीचकवध’ हे नाटक बंद केलं, कारण कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. ते परके सरकार होतं. आपल्याला ही भीती कशाची? अमोल पालेकर २०१६ मध्ये याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. ही अट जायलाच हवी.

सरळमार्गी
साफ असहमत. चित्रपटांची पूर्वतपासणी सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये के. ए. अब्बास खटल्यात वैध ठरवली, कारण पडद्याचा परिणाम छापील शब्दाहून खोल होतो. नाटकात तर माणूस समोर उभा असतो. एखाद्या समाजाची विटंबना झाल्यावर गुन्हा नोंदवून काय उपयोग? तोवर गावात दोन तट पडलेले असतात. शिवाय प्रमाणपत्र हातात असलं की निर्मात्यालाच संरक्षण मिळतं.

विंगेतून
कसलं संरक्षण? ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ मंडळाने मंजूर केलं होतं. तरी १९९८ मध्ये सरकारनेच प्रयोग थांबवले, २००१ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली. त्या नाटकाची मांडणी मला मुळीच पटत नाही, पण ते थांबवणं चूकच होतं. ‘सखाराम बाइंडर’ नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात लढले आणि जिंकले. तालुक्याच्या हौशी संस्थेने वकिलाचे पैसे कुठून आणायचे? तिथला लेखक नको ते वाक्य आधीच गाळतो, आणि त्याची कुठेच नोंद होत नाही.

मधली रांग
मला मंडळापेक्षा झुंडीची भीती वाटते. जानेवारी २००४ मध्ये एका पुस्तकाच्या वादातून पुण्यात भांडारकर संशोधन संस्थेवर हल्ला झाला. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून मुंबईत खारमध्ये स्टुडिओची तोडफोड झाली. तिथे कुठलं मंडळ आड येणार होतं?

सरळमार्गी
म्हणूनच म्हणतो, मंडळ नसेल तर निर्णय झुंडच करेल. मंडळात जाणते रंगकर्मी नेमा, नकाराची कारणं लेखी द्या. सुधारा, मोडू नका.

विंगेतून
झुंड आवरणं पोलिसांचं काम आहे, त्याची किंमत लेखकाने का मोजायची? वयाची अट तिकिटावर छापा, मान्य. कुणी हिंसेला चिथावलं तर खटला भरा, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी बंधनं घालू देणारं संविधानाचं कलम १९(२) आहेच.

सरळमार्गी
पण ती वयाची अट ठरवणार कोण? निर्माता स्वतःच? आणि गावच्या उत्सवात, जिथे तिकीटच नसतं, तिथे काय करणार? याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.