जुनं पायमशीन: चाक उलटं फिरतं, कापडाखाली दोरा गुंततो

प्रश्न (नवा_टाका):
ओतीव लोखंडाचं जुनं सिंगर पायमशीन वापरात आणायचं आहे. गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) नाही. खाली एका टोकाला निमुळती लांब शटल आहे आणि तिच्यात लांब, बारीक बॉबिन बसते. साफसफाई, तेल, नवा चामडी पट्टा झालंय. पण पायडल दाबलं की चाक कधी पुढे जातं, कधी मागे, आणि मागे गेलं की दोरा तुटतो. दोन-चार इंच शिवलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. मधे मधे टाकेही सुटतात. टेन्शनचा (दोऱ्याच्या ताणाचा) स्क्रू दोन्हीकडे फिरवून झाला, फरक शून्य. माहितीपुस्तिका नाही. दोरा ओवायचा क्रम आणि पाय चालवायची रीत कोणी सविस्तर सांगेल का?

उत्तर १ (पायपट्टा):
टेन्शनच्या स्क्रूला सध्या हात लावू नका. आधी पाय बसू द्या, दोरा नंतर.

रीळ, शटल, सुई काढून ठेवा आणि प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर करा. खाली कापड नसताना फूट टेकवून मशीन चालवलं तर कापड सरकवणारे दाते फुटाच्या तळाला घासतात. आता डाव्या हाताने चाक घट्ट धरा आणि त्याच्या मधली गोल चकती उजव्या हाताने आपल्याकडे फिरवून सैल करा. हा क्लच. तो सुटला की पट्टा आणि चाक फिरतं, सुईदांडा जागेवर राहतो.

दोन्ही पाय पायडलवर ठेवा, उजवा जरा पुढे, डावा जरा मागे. सुरुवात पायाने करायची नाही. उजव्या हाताने चाकाचा वरचा भाग आपल्याकडे ओढा. पायडल आपोआप हलू लागेल, मग पाय त्याच्या मागोमाग जाऊ द्या. चाक उलटं जातं ते इथेच. खालची क्रँक अगदी वर किंवा अगदी खाली थांबलेली असते, तिथून पायाचा जोर कुठल्याही बाजूला वळू शकतो. दिशा हात ठरवतो, पाय फक्त ती टिकवतात. थांबतानाही तळहात चाकावर टेकवायचा.

तुमच्या मशीनचं चाक आपल्याकडेच फिरायला हवं. सगळ्या कंपन्यांचं तसं नाही, व्हाइट कंपनीच्या काही जुन्या मशीनांत ते पलीकडे फिरतं. खात्री करायची तर क्लच तात्पुरता आवळा, फुटाखाली कापड घालून फूट टेकवा आणि हाताने चाक फिरवा. कापड मागे, म्हणजे तुमच्यापासून दूर सरकलं तर दिशा बरोबर.

लय सलग राहू लागली की क्लच आवळा, सुई लावा आणि बिनदोऱ्याने रेघांच्या कागदावर शिवा. भोकं रेघेवर पडेपर्यंत हेच. (कागदाने सुई बोथट होते, नंतर बदला.)

उत्तर २ (नेढं_आणि_खाच):
टाके सुटण्याचं कारण बहुधा सुई. नवी असली तरी उलटी बसली असेल.

सुईच्या जाड बुडाची एक बाजू सपाट असते आणि सपाट बाजूच्या विरुद्ध अंगाला लांब खाच असते. सपाट बाजू नेहमी शटलकडे. दोरा खाचेच्या बाजूने नेढ्यात शिरतो आणि सपाट बाजूने बाहेर येतो. एवढा नियम धरला की डावं-उजवं पाठ करावं लागत नाही. सुई वर टेकेपर्यंत सरकवूनच स्क्रू आवळा. बोटभर खाली राहिली तर शटलवर आपटेल, केसभर खाली राहिली तरी टाके सुटतील. सिंगरच्या लांब शटलच्या २७, २८, १२७, १२८ या मॉडेलांना आजची साधी १५×१ प्रकारची सुई चालते. मध्यम सुती कापडाला १४ नंबर, जाडाला १६. सिंगरच्या १२ नंबरच्या जुन्या मशीनला मात्र ती चालत नाही, तिची सुई वेगळी.

वरच्या दोऱ्याचा क्रम: रीळ, मशीनच्या अंगावरची कडी, टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधून, लगतची बारीक तारेची स्प्रिंग, तिथून वर उचलदांडीचं (दोरा ओढत वरखाली होणाऱ्या दांडीचं) भोक, परत खाली कड्या, सुईजवळची शेवटची कडी आणि नेढं. ओवताना उचलदांडी सर्वात वर हवी. दोरा चकत्यांच्या वरून तरंगत गेला किंवा दांडीचं भोक चुकलं की कापडाखाली लगेच जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे शटल खोलतात, दोष मात्र वरच्या दोऱ्यात असतो.

उत्तर ३ (शटलघर):
वरच्या दोन्हींशी सहमत. खालच्या दोऱ्याचं थोडं.

बॉबिन भरायच्या यंत्रात बदामी आकाराची चकती असते. ती दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा नेते. दोरा तिच्या कडीतून घेतला नाही तर मधेच फुगवटा येतो आणि बॉबिन शटलमध्ये अडकते. काठोकाठ भरू नका.

शटलच्या चपट्या स्प्रिंगखाली दोरा पूर्ण सरकला पाहिजे. ओढल्यावर हलका पण सलग ताण लागावा. झटक्याझटक्याने येत असेल तर स्प्रिंगखाली कापसाचा कण आहे, जाड कागदाची कड फिरवून काढा. मग दोऱ्याला धरून शटल लोंबकळवा. जागेवर राहावी, हाताला हलका झटका दिला की थोडी घसरून थांबावी. सरळ खाली आली तर शटलच्या स्प्रिंगवरचा स्क्रू आवळायचा, तोही एका वेळी अष्टमांश फेरा. शटल बसवताना टोक तुमच्याकडे आणि दोऱ्याचं दोन-तीन इंच शेपूट बाहेर.

वरच्या दोऱ्याचं टोक सैल धरून चाक एक पूर्ण फेरा फिरवा, खालचा दोरा वर येईल. दोन्ही टोकं फुटाखालून मागे घ्या आणि पहिले दोन-तीन टाके धरून ठेवा. टोकं सोडून सुरुवात केली तर सगळं बरोबर असूनही गोळा होतो.

नवा_टाका:
सुई उलटीच होती. जाळं थांबलं, टाका दोन्हीकडून सारखा येतोय. आता बॉबिन भरताना क्लच सैल केला तरी सुई वरखाली होतेच. कसं थांबवायचं?

पायपट्टा:
साफसफाईत क्लच खोलला होता का? चकतीतला बारीक स्क्रू काढा, मग चकती निघेल. आत तीन कानांची वॉशर आहे, ती अर्धा फेरा फिरवून परत घाला. दोनपैकी एकाच बाजूने ती नीट बसते. चाकाच्या आतल्या आसावर वाळलेलं तेल असेल तरी हेच होतं. तिथे रॉकेलचे थेंब सोडून चाक मोकळं फिरेपर्यंत फिरवा, पुसा, मग मशीनचं तेल एक थेंब. खोबरेल किंवा खायचं तेल नको, चिकटा होतो. आणि पट्ट्याला तेल लागू देऊ नका, घसरेल.