सरकारी प्रयोगशाळेने आपले तंत्रज्ञान एकाच कंपनीच्या हाती द्यावे का?

मुळाकाठ (धाग्याची सुरुवात)

पुण्यात पाषाण रस्त्यावरून जाताना राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आवार मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. प्रयोगशाळांतील शोध परवान्याने उद्योगांकडे पोहोचावेत म्हणून १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. म्हणजे जनतेच्या पैशातून निघालेला शोध कारखानदाराला कोणत्या अटींवर द्यायचा, हा प्रश्न आपल्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. तरीही त्यावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही.

प्रयोगशाळा बाहेरच्या संस्थेशी अनेक प्रकारे नाते जोडते. कंपनी पैसे देऊन एखादा प्रश्न सोडवायला देते, तो पुरस्कृत प्रकल्प. दोघांनी खर्च आणि माणसे वाटून घेतली की तो सहयोगी प्रकल्प. शास्त्रज्ञाचा केवळ सल्ला घेतला तर ती सल्लासेवा. प्रयोगशाळेने स्वतः तयार केलेली प्रक्रिया मोबदला घेऊन वापरायला दिली तर तो परवाना, आणि त्यात सुरुवातीचे शुल्क व पुढे विक्रीवर रॉयल्टी असते. पहिल्या तीन प्रकारांबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप परवान्यातील एकाधिकाराला आहे, म्हणजे ‘ही प्रक्रिया इतकी वर्षे आम्ही दुसऱ्या कोणालाही देणार नाही’ या कलमाला.

शास्त्रज्ञांचे पगार, उपकरणे, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, एवढेच काय त्या आवारातील झाडांना घातलेले पाणीसुद्धा करदात्यांच्या पैशातून येते. अशा ठिकाणी तयार झालेली प्रक्रिया कुरकुंभच्या एका कारखान्याला मिळाली आणि महाडच्या दुसऱ्याला केवळ उशिरा आला म्हणून नाकारली गेली, तर ते न्याय्य कसे म्हणायचे? शिवाय परवाना घेऊन तो कपाटात ठेवणाऱ्या कंपनीचे काय करायचे? म्हणून खुला परवाना हा नियम असावा आणि एकाधिकार हा अपवाद, तोही जाहीर सूचना देऊन, ठरावीक उपयोगापुरता आणि ठरावीक वर्षांपुरता, असे माझे स्पष्ट मत आहे.

भट्टीकाठी

मूळ लेखकांच्या हेतूबद्दल आदर राखून सांगतो, की हे मत कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून बनलेले आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका सरकारी प्रयोगशाळेकडून दुसरी रसायने बनवताना मधल्या टप्प्यात लागणाऱ्या एका रसायनाची प्रक्रिया घेतली. परवाना अर्थातच खुला होता. करार होण्यातच वर्षाहून अधिक काळ गेला, पण तो भाग सोडून देतो. हातात आलेल्या कागदांत एक लिटरच्या फ्लास्कमधले आकडे होते, आणि त्या मापावर ते अगदी बरोबर होते. अडचण मापाची होती. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतले द्रावण हजारपट होते, पण उष्णता बाहेर जाण्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये जी अभिक्रिया शांतपणे चालते, तीच रिअ‍ॅक्टरमध्ये तापमान हाताबाहेर नेऊ शकते. मग एक घटक थेंबाथेंबाने किती तासांत घालायचा, ढवळणाऱ्या पंख्याची पाती कशी असावीत, बाजारी कच्च्या मालातील अशुद्धींनी रंग का बदलतो, गाळणी का तुंबते, हे सगळे आम्ही दीड वर्ष माल फेकून देत शिकलो. त्या शिक्षणाचा खर्च परवान्याच्या शुल्काच्या कित्येकपट होता.

आम्ही चांगला माल बाजारात आणल्यावर दुसऱ्या एका कंपनीने त्याच प्रयोगशाळेकडून तोच खुला परवाना तेवढ्याच शुल्कात घेतला आणि आमच्याकडचा अनुभवी पर्यवेक्षक जास्त पगारावर नेला. कायद्याने त्यात काहीच चूक नव्हते. पण पुढच्या वेळी प्रयोगशाळेची प्रक्रिया सर्वांत आधी घेण्याचे धाडस मी का करावे? पाच वर्षांचे संरक्षण मिळणार नसेल, तर प्रत्येक कारखानदार दुसऱ्याने आधी उडी घ्यावी म्हणून काठावरच थांबेल आणि प्रक्रिया अहवालातच पडून राहील. आपल्याला भीती एका कंपनीच्या कपाटाची वाटते, पण प्रयोगशाळेचे स्वतःचे कपाट त्याहून फार मोठे आहे.

निवृत्त प्रक्रिया अभियंता

दोघेही परवान्याच्या दिवसापासून गोष्ट सुरू करत आहेत. माझ्या मते त्या दिवसापर्यंत निम्मा खेळ संपलेला असतो.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एन्सिलाइट या झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा स्फटिकी पदार्थ) उत्प्रेरकाचे उदाहरण घ्या. पॉलिएस्टर धाग्यासाठी लागणारे पॅरा-झायलीन मिळवायचे, तर मिश्र झायलीनांचे, म्हणजे एकाच रेणुसूत्राच्या वेगवेगळ्या रूपांचे, एकमेकांत रूपांतर करणारा उत्प्रेरक लागतो. त्यावर काम करणारे पॉल रत्नसामी पुढे प्रयोगशाळेचे संचालक झाले. पण प्रयोगशाळेत झिओलाइट मिळतो तो पिठासारखा. कारखान्यात उत्प्रेरकाचा थर रिअ‍ॅक्टरमध्ये भरायचा असतो. त्यासाठी त्या पिठात बंधक, म्हणजे कण धरून ठेवणारा पदार्थ, मिसळून दाबाने चिरडल्या न जाणाऱ्या कांड्या कराव्या लागतात, आणि तसे करताना त्याची क्रियाशीलता टिकली पाहिजे. ती विद्या प्रयोगशाळेची नव्हे, उत्प्रेरक बनवणाऱ्याची. म्हणून एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज, यात भागीदार होती, आणि वापरणारी होती बडोद्याची इंडियन पेट्रोकेमिकल्स. १९८५ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर त्याचा वापर सुरू झाला. शोधणारा, बनवणारा आणि वापरणारा असे तिघे एकाच मेजाभोवती बसले होते, आणि माझ्या मते यशाचे खरे कारण तेच होते.

भट्टीकाठी यांचे जे दीड वर्ष गेले, ते मुळात प्रकल्पाच्या आत जायला हवे होते. पायलट प्लांट, म्हणजे चाचणीपुरता छोटा कारखाना, कंपनीच्या आवारात, शास्त्रज्ञ तिथे महिनोन्‌महिने हजर, आणि आकडे दोघांच्या वह्यांत. असे झाले तर त्या भागीदाराला काही वर्षांची आघाडी आपसूक मिळते. तिच्यासाठी वेगळे कलम लागत नाही.

सहकलम

मी बौद्धिक संपदेच्या कागदपत्रांत काम करते, म्हणून एक भेद नोंदवते. पेटंट आणि नो-हाऊ (प्रत्यक्ष कामातून आलेले, जाहीर न केलेले ज्ञान) यांची सरमिसळ झाली, की ही चर्चा भरकटते.

पेटंट सार्वजनिक असते. ते वापरले जात नसेल, तर आपल्या पेटंट कायद्यातील कलम ८४ नुसार, पेटंट मिळाल्याला ३ वर्षे झाल्यावर इतर कोणी सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही मिळणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज करू शकतो. २०१२ साली बायरच्या कर्करोगावरील औषधाचा असा परवाना नॅटकोला मिळाला होता. नो-हाऊला मात्र हे लागू होत नाही, आणि भट्टीकाठी यांनी वर्णन केलेले सारे ज्ञान नो-हाऊच आहे. ते कोणत्याही कायद्याने उघड करवता येत नाही. त्यामुळे मुळाकाठ यांनी पेटंट खुले ठेवण्याचा कितीही आग्रह धरला, तरी आधी शिकलेल्या कंपनीला प्रत्यक्षात संरक्षण राहतेच.

एकाधिकाराआधीची जाहीर सूचना हा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तो स्वप्नाळूही नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या मालकीच्या शोधावर एकाधिकार परवाना देण्यापूर्वी किमान १५ दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते आणि आलेल्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. तिथला १९८० चा बे-डोल कायदा सरकारी अनुदानातून झालेल्या शोधांना लागू होतो. परवानाधारकाने शोध वापरात आणला नाही तर हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्यात सरकारला दिलेला आहे, पण तो आजवर एकदाही वापरला गेलेला नाही. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले आणि नंतर मागे घेण्यात आले. नंतर वापरायचा अधिकार कागदावरच राहतो, हा यातील धडा आहे. म्हणून अटी सहीच्या आधीच घातल्या पाहिजेत.

कच्ची वही

मी रसायनशास्त्रातील संशोधक आहे. या धाग्यातील सर्वांनी भागीदारी चांगलीच, असे गृहीत धरले आहे. माझा विरोध त्या गृहीतकालाच आहे.

१९९० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी पुण्याच्या या प्रयोगशाळेकडे पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकच्या कामासाठी आली. रघुनाथ माशेलकर संचालक असतानाच्या त्या काळाचे आजही कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण ती कंपनी का आली, हे विसरले जाते. घन अवस्थेत बहुवारिकीकरण करण्याचे, म्हणजे लहान रेणू जोडून लांब साखळ्या बनवण्याचे, मूलभूत काम इथे आधी झाले होते आणि त्याची पेटंटे प्रयोगशाळेच्या हातात होती. कोणी कंपनीने ‘हे करून द्या’ म्हणून ते झाले नव्हते.

आज प्रत्येक गटाला ‘बाहेरून किती पैसे आणले’ असे विचारले जाते. त्याचा परिणाम असा, की दोन वर्षांत उत्तर मिळेल असेच प्रश्न निवडले जातात. पुरस्कृत प्रकल्पावर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला आपले निष्कर्ष कंपनीच्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत, तिचा प्रबंध अडकतो आणि कंपनीने मध्येच दिशा बदलली तर तिची वर्षे वाया जातात. मी हे जवळून पाहिले आहे. एकाधिकार असावा की नसावा यापेक्षा, प्रत्येक करारात छपाई रोखण्याची मुदत सहा महिन्यांहून अधिक नसावी, हा माझा आग्रह आहे. पेटंटचा अर्ज करायला तेवढा वेळ पुरतो.

भट्टीकाठी

कच्ची वही यांच्या सहा महिन्यांना माझी हरकत नाही. आमच्या कामाचे गुपित क्वचितच शोधनिबंधात असते.

मात्र मूलभूत काम आधी आणि उद्योग नंतर, हा क्रम नेहमीच खरा नसतो. सदाफुलीपासून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे सिप्लाने १९८४ साली याच प्रयोगशाळेच्या सहकार्याने विकसित केली. वनस्पतीत ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. ती किफायतशीरपणे वेगळी करण्याची निकड औषध विकणाऱ्यालाच होती. तो प्रश्न बाहेरून आला, म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

सहकलम यांच्या सहीआधीच्या अटीही मी मान्य करीन, पण एका दुरुस्तीसह. ‘इतक्या महिन्यांत उत्पादन सुरू न झाल्यास एकाधिकार संपेल’ ही मुदत सहीच्या दिवसापासून मोजू नये. प्रयोगशाळेने संपूर्ण प्रक्रिया-पुस्तिका दिली आणि तिचा माणूस आमच्या आवारात येऊन तीन सलग घाणे (उत्पादनाच्या फेऱ्या) यशस्वी करून गेला, त्या दिवसापासून मोजावी. प्रयोगशाळेचा उशीर माझ्या खात्यात पडणार असेल, तर ती अट मला बुडवेल.

मुळाकाठ

तीन यशस्वी घाण्यांपासून मुदत मोजण्याची दुरुस्ती मला पटली. माझ्या मूळ मांडणीत प्रयोगशाळेवर कोणतेच बंधन नव्हते, ही तिची उणीव होती, आणि अभियंता महोदयांच्या तिघांच्या मेजामुळे ती अधिकच उघडी पडली.

मात्र पाच वर्षांवर मी सहमत नाही. दीड वर्षाच्या शिक्षणाचा खर्च भरून निघायला तीन वर्षे पुरेशी असावीत, आणि त्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या कारखान्याकडून अधिक शुल्क घेऊन त्यातील वाटा पहिल्याला द्यावा. तसे झाले तर भट्टीकाठी यांचा पैसाही परत मिळेल आणि महाडच्या कारखान्यालाही दार उघडे राहील. असा वाटा देणे सरकारी लेखापरीक्षणात बसते का, हे सहकलम यांनी सांगावे, अशी विनंती आहे.