नगरनियोजनात स्वयंसेवी नागरिक सदस्य: पुण्यात हे शक्य आहे का?

प्रश्न — सिंहगड रस्ता रहिवासी

माझे मेहुणे अमेरिकेतील एका लहान शहरात राहतात आणि गेली काही वर्षे तेथील नियोजन आयोगाचे बिनपगारी सदस्य आहेत. व्यवसायाने ते लेखापाल असून नगररचनेची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नाही. जागा रिक्त असल्याची सूचना निघाली, त्यांनी अर्ज केला, मुलाखत झाली आणि नेमणूक झाली. सभा सायंकाळी, लोक कामावरून परतल्यावर भरते. जमिनीचा वापर बदलण्याचा अर्ज असो वा नव्या गृहसंकुलाचा आराखडा असो, नगररचना खात्याचे कर्मचारी प्रत्येक प्रकरणावर आधी लेखी टिपण देतात, शेजारच्या मिळकतदारांना नोटीस जाते, ज्याला बोलायचे असेल त्याला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि मग आयोग आपली शिफारस कारणांसह नोंदवतो. मोठ्या बाबींत अंतिम निर्णय निवडून आलेल्या नगर परिषदेचाच असतो. स्वतःच्या मिळकतीशी संबंध असलेले प्रकरण आले, तर सदस्याला बाजूला व्हावे लागते.

ही पद्धत तिकडे जुनी आहे. हार्टफर्ड शहराने असा आयोग 1907 मध्ये नेमला, आणि 1928 च्या नमुना कायद्यात नऊ सदस्यांच्या आयोगाची कल्पना मांडताना त्यांतील सहा जागा नेमलेल्या नागरिकांसाठी ठेवल्या होत्या. ओरेगॉन राज्यात तर 1973 च्या कायद्यावर आधारलेल्या नियोजन उद्दिष्टांत पहिल्या क्रमांकावरच नागरिकांचा सहभाग आहे.

आपल्याकडे काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर सुमारे 87 हजार हरकती व सूचना आल्या, 2015 मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी 2017 मध्ये तो मंजूर झाला. इतक्या लोकांनी लिहूनही निर्णयाच्या टेबलाशी त्यांच्यापैकी कोणी बसलेले नव्हते, असे मला वाटते. पुण्यात सामान्य नागरिकाला नियोजनात बसण्याची एखादी जागा कायद्याने आहे का? आणि दुसरे असे की, आमच्या सोसायटीत टँकरच्या विषयाला सभागृह भरते, पण आराखड्याचा विषय काढला की चार ज्येष्ठ नागरिक उरतात. हे कसे बदलावे?

उत्तर — निवृत्त नगररचनाकार

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, जागा आहेत, परंतु त्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्या नावांवरून त्या नियोजनाच्या आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मधील कलम 28 प्रमाणे, प्रारूप आराखड्यावरील हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती बाहेरून घेता येतात. म्हणजे बाहेरच्यांची संख्या निवडून आलेल्यांपेक्षा अधिक असू शकते. आपण म्हणता तसे टेबलाशी कोणीच नव्हते, हे म्हणून पूर्णपणे खरे नाही. मात्र या चौघांना नागरिक निवडत नाहीत, त्यांची निवड शासनाच्या बाजूने होते, आणि आपल्या मेहुण्यांसारख्या लेखापालाला तेथे वाव नाही. शिवाय ही समिती सुनावण्या संपवून अहवाल दिला की विसर्जित होते. आराखडा वीस वर्षांचा, समिती काही महिन्यांची. मधल्या काळात कलम 37 खाली एकेक आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, बदलत जाते, तेव्हा ऐकणारे कायमचे मंडळ नसते. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो आणि बहुतेकांना ती सूचना दिसतच नाही. माझ्या मते अमेरिकेतील आयोगाशी तुलना करताना खरा फरक येथे आहे. ते मंडळ कायम बसलेले असते, म्हणून त्याची आठवण शाबूत राहते.

दुसरी जागा प्रभाग समितीत आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना या समित्या बंधनकारक केल्या, आणि आपल्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29अ मध्ये नगरसेवकांबरोबर मान्यताप्राप्त स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. पुण्यात 15 क्षेत्रीय कार्यालये धरली, तर 45 जागा होतात. यांना आपण स्वीकृत सदस्य म्हणतो. या जागा पक्षकार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात, ही टीका जुनी आहे आणि ती निराधार नाही. पण ती होते याचे एक कारण असे की, खऱ्या अर्थाने काम करणाऱ्या संस्था त्यासाठी अर्जच करत नाहीत.

महानगर नियोजन समितीचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी करतो. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायत अध्यक्ष आपल्यामधून निवडतात, त्यामुळे सामान्य नागरिकाचा तेथे थेट शिरकाव नाही.

उत्तर — नऱ्हेकर

वरील उत्तर जुन्या हद्दीपुरते बरोबर आहे. आमची स्थिती वेगळी आहे आणि ती येथे नोंदवावी असे वाटते.

आमचे नऱ्हे गाव जून 2021 मध्ये इतर गावांसह, एकूण 23, महापालिकेत आले. त्याआधी ग्रामसभा होती. ती आदर्श होती असे मी म्हणणार नाही. अर्धी सभा भावकीच्या वादात जायची आणि स्त्रिया मागे उभ्या राहायच्या. पण गावठाणाला लागून येणाऱ्या रस्त्याबद्दल उभे राहून सरपंचांना विचारता येत होते आणि विचारलेले इतिवृत्तात उतरते का, हे पाहायला चार माणसे असायची. विलीनीकरणानंतर ग्रामपंचायत संपली. पुढे मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासकांचा कारभार सुरू झाला, तो लांबतच गेला. ग्रामसभा गेली आणि पुढची काही वर्षे नगरसेवक आला नाही. बरे, या 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले ते पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. कचरा, पाणी, मिळकतकर महापालिकेचा आणि नकाशा दुसऱ्याच कार्यालयाचा. ऑगस्ट 2021 मध्ये पीएमआरडीएने प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, लोकांनी हजारोंनी हरकती दिल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये राज्य शासनाने तो आराखडाच रद्द केला. ज्यांनी रजा टाकून, झेरॉक्स काढून, वकिलाला पैसे देऊन हरकत नोंदवली, त्यांना आता पुन्हा या म्हणून सांगताना आमची जीभ अडखळते.

त्यामुळे सहभाग वाढवण्यासाठी जनजागृती करावी, हे वाक्य आमच्याकडे कोणी उच्चारू नये. लोक जागे आहेत. मागच्या वेळी लिहिलेल्याचे काय झाले, एवढे जरी घरी कळवले असते तरी ते पुढच्या वेळी आले असते.

क्षेत्र सभेची, म्हणजे प्रभागातील एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात 2009 पासून आहे. ग्रामसभेच्या जवळ जाणारी अशी हीच एक गोष्ट शहरी कायद्यात आहे, आणि मी तरी आमच्या भागात तिची नोटीस लागलेली पाहिलेली नाही. नवा आयोग मागण्याआधी मी तिची मागणी करेन.

उत्तर — वास्तुरचनाकार, एरंडवणे

मी येथे थोडा विरोधी सूर लावतो, कारण स्वयंसेवी आयोगाचे चित्र वर जरा अधिक उजळ रंगवले गेले आहे.

बिनपगारी पदासाठी वेळ कोणाकडे असतो? निवृत्त, घरमालक, जुन्या वस्तीत स्थिरावलेले, बोलण्याची सवय असलेले. बॉस्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील अनेक गावांच्या नियोजनविषयक सभांची इतिवृत्ते तपासली, तेव्हा तेथे बोलणारे लोक सर्वसाधारण मतदारांपेक्षा वयाने मोठे, अधिक प्रमाणात पुरुष आणि घरमालक असल्याचे आढळले, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण नव्या घरबांधणीच्या विरोधात बोलत होते. आपल्याकडे असा आयोग झाला, तर त्यात प्रभात रस्ता, कोथरूड आणि सहकारनगर असेल. पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत ही झोपडपट्टी असेल का, याची मला शंका आहे. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला ठेवली की धुणीभांडी करणाऱ्या बाईने चार घरांची कामे सोडून यायचे असते. सायंकाळची सभा ही तिकडची गोष्ट मात्र लगेच घेण्यासारखी आहे. तिला कायदा बदलावा लागत नाही.

दुसरी अडचण आमच्या व्यवसायाची आहे. समितीला जाणकार हवेत, जाणकार म्हणजे बहुतेक वेळा वास्तुरचनाकार किंवा अभियंता, आणि त्याचे अशील म्हणजे विकसक. हितसंबंध जाहीर करून त्या प्रकरणातून उठून जाण्याचा नियम लिखित आणि कडक नसेल, तर नागरिक सदस्याच्या नावाखाली नवा मध्यस्थ तयार होईल.

तरीही त्या पद्धतीतील एक गोष्ट मला मोलाची वाटते, आणि ती म्हणजे कारणे लिहून देण्याची सक्ती. मैदानाचे आरक्षण का उठवले, रस्ता चोवीस मीटरचा अठरा का केला, याचे दोन परिच्छेद सही करून सार्वजनिक करावे लागले, तर सदस्य नागरिक आहे की अधिकारी हा मुद्दा बराच गौण ठरतो. पुण्यात नागरिकांचा दबाव चाललाच नाही असेही नाही. 1997 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांतील टेकड्यांवरचे 978 हेक्टरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण अनेक वर्षांच्या रेट्यानंतर 2015 मध्ये टिकले, आणि वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा वादही लोकांनीच जिवंत ठेवला. मात्र दोन्ही ठिकाणी लोक रस्त्यावर आले ते रेषा नकाशावर उमटून गेल्यानंतर. रेषा उमटण्याआधीची सभा आपल्याकडे भरतच नाही.

लोकसहभागाचे अंदाजपत्रक हा पुण्याचा उपक्रम 2006-07 पासून चालू आहे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण पाच लाखांपर्यंतची कामे सुचवण्याची मर्यादा असल्याने त्याने आपल्याला बाकडे, दिवा आणि पदपथाचे ब्लॉक मागायला शिकवले. रस्त्याच्या रुंदीबद्दल विचारण्याची सवय त्यातून लागली नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर — सिंहगड रस्ता रहिवासी

सर्वांचे आभार. नऱ्हेकरांचा मुद्दा मला सर्वाधिक लागला. आमच्या सोसायटीतील रिकाम्या खुर्च्यांकडे मी केवळ अनास्था म्हणून पाहत होतो. आता एक व्यवहार्य प्रश्न. आमच्या मागच्या गल्लीत एक मोकळा भूखंड आहे. त्यावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण असल्याचे सगळे सांगतात, सध्या तेथे खासगी बसगाड्या उभ्या असतात. या एका भूखंडापासून सुरुवात करायची तर पहिले काम कोणते?

उत्तर — निवृत्त नगररचनाकार

सगळे सांगतात यावर विसंबू नका. प्रथम सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मिळवा; तो सातबाऱ्यावर किंवा, भूखंड सिटी सर्व्हेत गेला असल्यास, मिळकत पत्रिकेच्या क्रमांकावरून कळेल. त्यावर झोन दाखला मागा. दाखल्यात आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन आणि लगतच्या रस्त्यांची रुंदी येते. हिस्सा नंबर न लिहिता अर्ज केला, तर संपूर्ण सर्व्हे नंबरचे मोघम उत्तर येते आणि आरक्षण नेमके कोणत्या तुकड्यावर आहे ते कळत नाही. हा घोळ फार नेहमीचा आहे.

दाखला हातात आल्यावर दोन गोष्टी पाहा. जमीन महापालिकेच्या ताब्यात आली आहे की अजून मालकाकडे आहे? मालकाकडे असेल, तर अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक कलम 127 खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी 2017 चा आहे, म्हणजे हा हिशेब आपल्या भागाला आता लागू होऊ पाहतो आहे. अशी नोटीस आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते, आणि ते विचारण्यासाठी तुम्ही कोणत्याही समितीवर असण्याची गरज नाही.

हरकत किंवा निवेदन देण्याची वेळ आली, तर एकच छापील मजकूर घेऊन पाचशे सह्या जमवू नका. सुनावणीत एकसारखे अर्ज एका मुद्द्याखाली बांधले जातात आणि पाचशे जणांचे एक उत्तर होते. त्याऐवजी दहा घरांनी दहा वेगळ्या गोष्टी लिहाव्यात: शाळेपासूनचे अंतर, जवळचे दुसरे मैदान कोठे आहे, पावसाचे पाणी कोणत्या बाजूला तुंबते, बसगाड्या किती वाजता निघतात, मुले सध्या कोठे खेळतात. प्रत्येक अर्जावर सर्व्हे नंबर असावा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घरी जपून ठेवावी. सोसायटीच्या सभेत आराखडा हा विषय न ठेवता हा भूखंड हाच विषय ठेवा, आणि झोन दाखल्याची प्रत सूचनाफलकावर मोठ्या आकारात लावा. प्रभाग समितीतील स्वीकृत सदस्याच्या जागेसाठी आपल्या परिसरातील नोंदणीकृत संस्थेने अर्ज करावा असे ठरलेच, तर संस्थेच्या नोंदणीचे कागद आणि हिशेब तपासणीचे अहवाल आतापासूनच एका जागी काढून ठेवा.