उद्यानाशेजारी गॅसची विहीर खोदताना गावाला विचारायचं की नाही?

दिवाळेकर: आसामातलं बाघजान आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही. गावाला लागून दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मासेमारीचं मागुरी-मोटापुंग बिल, म्हणजे मोठं तळं. २७ मे २०२० ला ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या विहिरीतून गॅस बेफाम उसळला, ९ जूनला पेटला. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, हजारो माणसं छावण्यांत. आग पुरती विझायला नोव्हेंबर उजाडला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून, म्हणजे आधी लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या अटीतून, सूट दिली होती. ती सूट रद्द झालीच पाहिजे.

सीवूड्सकर: दादा, दुःख मान्य. पण आपल्या घरात पाइपचा गॅस, रिक्षा सीएनजीवर. देशाला लागणारा निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरून येतो. प्रत्येक विहीर सुनावणीत अडकली तर कोळसाच जाळावा लागेल. शिवाय आता उद्यानाबाहेरून तिरकी विहीर खोदता येते, आत पाऊलही टाकावं लागत नाही.

दिवाळेकर: पेटलेली ती विहीरही उद्यानाबाहेरच होती! तरी तेलकट थर बिलात पसरला, मासे मेले, डॉल्फिन मेलेला सापडला. आम्ही खाडीवर जगणारी माणसं, आम्हाला हे सांगावं लागत नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग नकाशावर आखलेला आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. पण तेलाचा तवंग भरतीबरोबर कांदळवनात शिरला की चिंबोरीला वास येतो आणि बाजारात ती कुणी घेत नाही. माझ्या आईने भरलेली पाटी परत आणलेली मी पाहिली आहे.

ऐरोलीची ताई: मला दोघांचंही पटत नाही. सुनावणीत गावाने नको म्हटलं तरी प्रकल्पाला मंजुरी मिळू शकते. लोकांच्या हाती पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत येतो, जाडजूड अहवाल इंग्रजीत. विहीर फुटली तर वारा कुठे, पाणी कुठे, हे त्या सारांशातून कळणार कसं? ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, आणि बाराही ग्रामसभा नाही म्हणाल्या. मागायचं तर तसा अधिकार मागा.

सीवूड्सकर: ताई, तिथे वनहक्कांचा आणि देवस्थानाचा प्रश्न होता. गॅसला तोच नियम लावला तर देशात खोदायचं कुठे? त्यापेक्षा विमा आणि भरपाई आधीच ठरवून ठेवा.

दिवाळेकर: भरपाई आम्ही पाहिली आहे. जेएनपीटी, म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या प्रकल्पामुळे उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी द्या, असा हरित लवादाचा आदेश २०१५ चा. म्हणजे भरपाईसाठीही लवादापर्यंत जावं लागलं. ताई, सुनावणीवर मी अडून बसत नाही. ग्रामसभेचा अधिकार मिळत असेल तर तोच मागू.