ब्रेन ट्यूमर रिसर्च: आधी पैसा की आधी माणसं?

सायली_म: माझे बाबा ग्लिओब्लास्टोमाने, म्हणजे मेंदूच्या एका जहाल कॅन्सरने गेले. रात्री रिकाम्या पोटी टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल आणि त्याआधी उलटी होऊ नये म्हणून एक गोळी, मी अलार्म लावून द्यायचे. नंतर वाचलं की रेडिएशनसोबत टेमो ही पद्धत २००५ ची आहे, त्या ट्रायलमध्ये मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट जितके जगतात तो काळ) १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं, म्हणजे अडीच महिने, आणि आजही बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. इतक्या वर्षांत एवढंच? सरकारांनी यासाठी वेगळा राखीव निधी ठेवलाच पाहिजे.

रोहन_के: ताई, तुमचं दुःख समजतं, पण नुसता निधी जाहीर करून भागत नाही. ब्रिटनमध्ये माजी मंत्री टेसा जोवेल यांना हाच आजार झाला, त्या २०१८ मध्ये गेल्या आणि सरकारने ४ कोटी पौंड जाहीर केले. पाच वर्षांनी निम्मेही खर्च झाले नव्हते, मंजूर करण्याजोगे प्रस्तावच पुरेसे आले नाहीत असं कारण दिलं. आडात पाणी आहे पण पोहराच नाही.

लॅबवाली: रोहनदादा, प्रस्ताव येणार कुठून? मी याच विषयात पीएचडी केली. ऑपरेशन चालू असताना थिएटरबाहेर बर्फाचा डबा घेऊन उभी राहायचे, गाठीचा नखाएवढा तुकडा हातात आला की धावत लॅबमध्ये, कारण उशीर झाला की पेशीतला आरएनए (जनुकांचा संदेश नेणारा रेणू) खराब होतो. यात हात बसायला दोन वर्षं गेली आणि मग काँट्रॅक्ट संपलं, आता मी ब्रेस्ट कॅन्सरवर काम करते कारण जागा तिथे होती. पैसा हवाच, पण तो माणसांच्या पगाराला आणि गाठींचे नमुने जपणाऱ्या टिश्यू बँकेला द्या, दहा वर्षांसाठी.

निखिल७: मला राखीव निधी पटत नाही. आजार दुर्मिळ, बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत शिरतच नाहीत, वर एकाच गाठीत पेशी तऱ्हेतऱ्हेच्या. तोडगा मूलभूत विज्ञानातूनच निघेल. काही ब्रेन ट्यूमरमध्ये असणारं आयडीएच म्युटेशन, म्हणजे त्या जनुकातला बदल, २००८ मध्ये सापडलं ते ट्यूमरची सगळी जनुकं वाचताना, त्याच्या मागावर कोणी नव्हतं.

सायली_म: अरे पण ते ब्रेन ट्यूमरचेच नमुने होते ना! कोणीतरी गोळा केले, जपले, म्हणून वाचता आले. आणि त्या म्युटेशनवरचं औषध व्होरासिडेनिब अमेरिकेत मंजूर व्हायला २०२४ उजाडलं, तेही ग्रेड २, म्हणजे हळू वाढणाऱ्या गाठी असलेल्यांसाठी.

लॅबवाली: सायली, बाबांच्या गाठीचा नमुना रिसर्चसाठी कोणी मागितला होता का गं?

सायली_म: नाही. विचारलं असतं तर तिथल्या तिथे सही केली असती.