'टिपलं', 'लक्ष्य केलं' की नुसतं 'मारले गेले'?

गोदाकाठ: एका लेखाचं भाषांतर करतेय, एका वाक्यापाशी गाडी अडलीय. ८ एप्रिल २००३, बगदाद. अमेरिकी रणगाड्याने पॅलेस्टाइन हॉटेलवर गोळा डागला, त्यात रॉयटर्सचे तारास प्रोत्स्युक आणि स्पेनच्या तेलेसिंको वाहिनीचे होसे कूसो हे दोन कॅमेरामन गेले. त्याच दिवशी अल जझीराच्या ऑफिसवरच्या अमेरिकी हल्ल्यात तारिक अय्यूब गेले. मी लिहिलं 'पत्रकारांना टिपल्याचा संशय', संपादकांनी केलं 'लक्ष्य केल्याचा आरोप'. संशय आणि आरोप एकच कधीपासून झाले?

पंचवटीकर: एक नाहीतच. संशय मनात राहतो, आरोप केला की सिद्ध करणं आलं. आमच्या घरात वकिली, तिथे 'वहीम' म्हणायचे.

शब्दवेडा: वहीम अरबी. संशय असताना तो कशाला हवा?

पंचवटीकर: मग बातमीदारातला 'दार' फारसी, तोफ तुर्की, काय काय काढणार?

देवळालीकर: मी तोफखान्यातून रिटायर झालो. टिपणं म्हणजे एकेकाला बघून, नेम धरून मारणं. अमेरिकी सैन्याचं म्हणणं होतं की बाल्कनीत दुर्बीण घेतलेला शत्रूचा माणूस आहे असं त्यांना वाटलं. आमच्याकडे गोळा कुठे पडला ते बघून मागे कळवणारा ओपीवाला असतो, शत्रूचा तसा कोणी दिसला की पहिला नंबर त्याचाच, आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस लांबून तसा दिसू शकतो. म्हणून इथे 'टिपलं' नको.

गोदाकाठ: काका, पण हॉटेलात पत्रकार उतरलेत हे वरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होतं ना! सीपीजे या पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने चौकशी करून हेच म्हटलं, मुद्दाम नव्हतं पण टाळता आलं असतं, ती माहिती रणगाड्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पंचवटीकर: मग शब्द आहे की, हयगय! चूक म्हटलं की लोक सोडून देतात, हयगय म्हटलं की कोणाची ते विचारतात.

सिडकोवाली: सगळीकडे हयगय कशी चालेल? अल जझीराच्या पत्रकार शिरीन अबू अक्ले, वेस्ट बँकमधलं जेनिन, ११ मे २०२२. अंगात 'प्रेस' लिहिलेलं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, तरी गोळी डोक्यात. इस्रायली सैन्य आधी म्हणालं पॅलेस्टिनींची गोळी असू शकेल, सप्टेंबरमध्ये म्हणालं आमच्याच सैनिकाची असण्याची दाट शक्यता, पण चुकून. 'गोळीबारात मृत्यू' लिहिलं की गोळी झाडणारा वाक्यातून सुटतो, मला त्याचाच राग येतो.

देवळालीकर: ताई, तिथे 'टिपलं' मलाही पटतं. पण हेतू होता हे तुम्ही त्या एका क्रियापदात ठरवून टाकता, तेवढं लक्षात असू द्या.

सिडकोवाली: आणि 'मारले गेले' म्हटलं की उलटं ठरवून टाकतो, त्याचं काय?

शब्दवेडा: मुळात टिपणं म्हणजे वेचणं, पाखरं दाणे टिपतात. बंदुकीला नंतर लावलंय. 'नेम धरला' लिहा, नेम शुद्ध आपला, नियमवरून आलेला.

पंचवटीकर: नियमवरून आलेला नेम व्रताचा हो, बंदुकीचा वेगळा असणार.

शब्दवेडा: दोन्ही एकच. 'नेमका' कुठून आला मग?